नामदार गोखले आणि कुणब्याची जमीन

हल्ली आपण मंत्र्याच्या नावाआधी 'नामदार' लावतो, विधानसभेच्या सभासदाला आमदार म्हणतो आणि दिल्लीस गेलेल्याला खासदार. गोपाळ कृष्ण गोखले हे कधीच मंत्री झाले नाहीत. त्यांच्या काळी मुंबई सरकारात हिंदी माणसाला मंत्र्याची खुर्चीच नव्हती. तरीही सारा महाराष्ट्र त्यांना नामदार गोखले याच नावाने ओळखतो. गांधीजी त्यांना गुरू मानीत, त्यांनी भारत सेवक समाज काढला, एवढे आपल्या शाळेतल्या मुलींनाही ठाऊक असते. पण हे नामदारपण त्यांना कोठे मिळाले, आणि ते मिळताच पहिल्या दोन वर्षांत आपल्या बारामती-इंदापूरसारख्या भागातल्या कुणब्यावर आलेल्या कोणत्या प्रसंगात ते उभे राहिले, ही हकीगत फारशी कोणी सांगत नाही. माळेगावच्या भगिनींना ती घरची वाटेल, म्हणून येथे देत आहे.

गोखल्यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यात गुहागरजवळच्या कोतळूक गावी झाला. वडील कृष्णराव कागल संस्थानात लहानशा नोकरीवर होते. १८७९ साली ते वारले तेव्हा गोपाळ तेरा वर्षांचा होता. थोरला भाऊ गोविंदराव याने आपले शिक्षण सोडले आणि महिना पंधरा रुपयांची नोकरी धरली. त्यातले आठ रुपये तो कोल्हापुरास शिकणाऱ्या गोपाळला पाठवी आणि उरलेल्या सात रुपयांत आई, भावंडे आणि स्वतःचा संसार चालवी. गोपाळ १८८१ साली मॅट्रिक झाला, तेव्हा पुढे शिकवावे की नोकरीला लावावे असा प्रश्न घरात निघाला. त्या वेळी वहिनींनी आपल्या अंगावरचे दागिने विकायची तयारी दाखवली आणि दिरास कॉलेजात घालावे असा आग्रह धरला. मोठ्या माणसांच्या चरित्रात अशा वहिनींना एक ओळ मिळते. त्या ओळीवाचून पुढचे चरित्र घडत नाही, हे आपण बायकांनी तरी ध्यानात ठेवावे.

१८८४ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून ते बी. ए. झाले. सरकारी नोकरीत पगार चांगला मिळाला असता, पण ते पुण्यास न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक झाले. पुढे डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासद होऊन वीस वर्षे थोड्या वेतनावर शिकवण्यास त्यांनी स्वतःला बांधून घेतले. फर्ग्युसन कॉलेजात ते गणित शिकवीत, इंग्रजी शिकवीत, पुढे इतिहास आणि अर्थशास्त्रही शिकवीत.

याच सुमारास ते न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या हाताखाली आले. रानडे हे कामाच्या बाबतीत फार कडक. सरकारी अहवालांचे ढीग पुढ्यात टाकायचे, त्यांतले आकडे काढायला लावायचे, लिहिलेले खोडायचे आणि पुन्हा लिहायला सांगायचे, अशी त्यांची शिकवण होती. सार्वजनिक सभेचे चिटणीसपण आणि तिच्या त्रैमासिकाचे काम यांतून गोखले शेतसारा, मिठावरचा कर, दुष्काळ आणि लष्कराचा खर्च या गोष्टी शिकले. कौन्सिलात त्यांचे आकडे कोणाला खोडता येत नसत, त्याचे मूळ येथे आहे.

आता हे कौन्सिल म्हणजे काय, ते थोडक्यात सांगितले पाहिजे. १८६१ च्या कायद्याने मुंबई इलाख्यास कायदे करणारी सभा मिळाली, आणि २२ जानेवारी १८६२ रोजी तिची पहिली बैठक मुंबईच्या टाऊन हॉलात भरली. जगन्नाथ शंकरशेट हे पहिल्या सभासदांपैकी एक होते. पण सगळे सभासद गव्हर्नराने नेमलेले असत आणि सरकारने पुढे ठेवलेल्या कायद्यापलीकडे बोलण्याची मुभा त्यांना नव्हती. प्रश्न विचारता येत नसे, जमाखर्चावर चर्चा नसे. विश्वनाथ नारायण मंडलिक, काशिनाथ त्रिंबक तेलंग आणि खुद्द रानडे यांच्यासारखी विद्वान माणसे तेथे बसून गेली, पण हात बांधलेले असतच. १८९२ च्या कायद्याने थोडे दार उघडले. सभासदांची संख्या वाढली, प्रश्न विचारण्याचा व जमाखर्चावर बोलण्याचा हक्क आला, आणि काही जागांवर लोकल बोर्डे, नगरपालिका, विद्यापीठ अशा संस्थांनी नावे सुचवावी असे ठरले. सरकार त्याला निवडणूक म्हणत नसे. संस्थेने शिफारस करायची आणि गव्हर्नराने नेमायचे, असा तो मानभावी प्रकार होता. लोक मात्र त्याला निवडणूकच म्हणत. मत होते ते त्या संस्थांच्या मूठभर सभासदांना. नांगर धरणाऱ्याला मत नव्हते आणि बाईला तर नव्हतेच. मुंबई इलाख्यात स्त्रियांना कौन्सिलासाठी मताचा हक्क मिळायला १९२१ साल उजाडले.

पुणे, सातारा, सोलापूर, नगर, नाशिक, खानदेश हा जो मध्य विभाग, त्याला पहिल्या वाटणीत लोकल बोर्डांची जागा दिलीच नव्हती. त्यावर पुण्यात बरीच चळवळ झाली. पुढे ती जागा मिळाली आणि १८९५ साली लोकमान्य टिळक मध्य विभागातून कौन्सिलात गेले. टिळकांनंतर हीच जागा गोखल्यांकडे आली. परंतु मधल्या काळात गोखल्यांवर जे येऊन गेले, ते सांगितल्यावाचून पुढचे कळणार नाही.

१८९७ साली ते वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यासाठी विलायतेस गेले होते. साक्ष उत्तम झाली. पण इकडे पुण्यात प्लेग पेटला होता, आणि रँडसाहेबाच्या हुकमतीखाली गोरे शिपाई घराघरांत शिरून रोगी शोधीत होते. देवघर म्हणू नका, माजघर म्हणू नका, शिपाई बुटांसकट आत येत. गोखल्यांना पुण्याहून मित्रांची पत्रे गेली. शिपायांनी दोन बायकांची अब्रू घेतली आणि त्यांतल्या एकीने जीव दिला, असे त्या पत्रांत होते. गोखल्यांचा मित्रांवर विश्वास होता. त्यांनी ही गोष्ट विलायतेत पार्लमेंटच्या सभासदांना आणि वर्तमानपत्रांना सांगितली. तिकडे गहजब झाला. जुलैच्या शेवटी ते मुंबईस परत आले, तोवर २२ जूनला पुण्यात रँड आणि आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या होत्या आणि सारे शहर धास्तावले होते. गोखल्यांनी पत्रे पाठवणाऱ्यांना विचारले, पुरावा द्या, नावे सांगा. एकही जण पुढे आला नाही. नावे उघड केली तर त्या मित्रांवर संकट येणार. न करावी तर स्वतः खोटे ठरणार. त्यांनी नावे झाकली आणि ४ ऑगस्ट १८९७ रोजी लेखी माफी मागितली.

या माफीबद्दल आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. कोणी तिला भ्याडपणा म्हणतात, कोणी सत्यनिष्ठा. माझ्या मनात दुसरीच गोष्ट येते. ज्या बायकांवर हे गुदरले असे म्हणत होते, त्यांच्या तोंडून कोणी काही ऐकलेच नाही. ऐकणार तरी कसे? त्या काळी, आणि खरे सांगायचे तर त्यानंतरही कितीतरी वर्षे, असली गोष्ट चारचौघांत बोलणे म्हणजे घराण्याचे नाव घालवणे. पंडिता रमाबाईंनी मात्र पुण्यातल्या प्लेगच्या इस्पितळात मुलींची कशी आबाळ होते, ते उघड वर्तमानपत्रात लिहिले होते. ती एक बाई सोडली तर जाब देण्याचे सगळे काम पुरुषांनी पुरुषांपुढे केले, आणि पुरावा नाही म्हणून प्रकरण मिटले. माफी मागितली म्हणून काही घडलेच नव्हते, असे मला वाटत नाही. गोखल्यांना सिद्ध करता आले नाही, एवढेच त्यातून निघते.

त्या वेळी गोखल्यांना तोंड दाखवायला जागा उरली नाही. साहेब लोक त्यांना खोटारडे म्हणत आणि आपले लोक भेकड म्हणत. त्या वर्षीची काँग्रेस अमरावतीस होती. तेथे त्यांनी व्यासपीठावर बोलू नये असेच पुष्कळांचे मत पडले. ते कॉलेजात जाऊन मुकाट्याने शिकवू लागले, आणि पुण्यात पुन्हा प्लेग आला तेव्हा स्वयंसेवक होऊन घरोघर हिंडले. ज्या शोधपथकांवरून त्यांचे नाव गेले होते, त्याच कामात ते रोग्यांच्या सोयीसाठी उतरले.

या पार्श्वभूमीवर १८९९ साली ते मध्य विभागातर्फे मुंबई कौन्सिलावर निवडून आले आणि 'नामदार' झाले. वय तेहतीस. त्याच वर्षी पाऊस फसला आणि दख्खनवर मोठा दुष्काळ आला. कौन्सिलात त्यांनी दुष्काळी कामांवर मजुरांना पुरेसे मिळते का, सरकारचे स्वतःचेच नियम पाळले जातात का, अशी विचारपूस चालवली. लहान शहरांच्या नगरपालिकांचा कायदा आला, त्याचीही त्यांनी बारकाईने छाननी केली. घरात मात्र अंधार होता. याच सुमारास त्यांची पत्नी वारली आणि काशी व गोदू या दोन लहान मुली मागे राहिल्या. ही त्यांची दुसरी पत्नी. पहिलीला बरा न होणारा रोग होता, आणि ती असतानाच घरच्यांच्या आग्रहाने त्यांनी दुसरे लग्न केले होते. सुधारक म्हणवणाऱ्या माणसाला हे शोभले नाही असे लोक म्हणत, आणि त्यांत खोटे काही नव्हते. गोखल्यांनाही ते मनात सलत असे. पाठोपाठ १६ जानेवारी १९०१ रोजी रानडे गेले. चौदा वर्षे ज्यांना विचारल्यावाचून एक अर्जही लिहिला नाही, तो आधार तुटला.

आणि त्याच वर्षी जमिनीचा कायदा आला.

हा प्रश्न आपल्या भागाचा कसा, ते पाहण्यासारखे आहे. इंग्रजी अमलातील जमिनीच्या मोजणीची आणि ठरीव साऱ्याची जी पद्धत साऱ्या मुंबई इलाख्यात गेली, ती प्रथम आपल्या शेजारच्या इंदापूर तालुक्यात बसली. गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी १८३६ साली तेथे तीस वर्षांसाठी सारा बांधून दिला. सारा भरत राहावे तोवर जमीन कुणब्याची. ती मुलाला द्यावी, विकावी किंवा गहाण टाकावी. तीस वर्षे संपली तेव्हा फेरमोजणीही प्रथम इंदापुरासच झाली आणि सारा चढला. मध्यंतरी अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाला सोन्याचा भाव आला होता, तो उतरला. सारा चढलेला, भाव पडलेले आणि सावकाराचे व्याज चालूच. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात कुणबी उठले. सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यात मोडे, आज ते आपल्या बारामती तालुक्यात आहे. लोकांनी सावकारांची दुकाने फोडली, पण त्यांना हवे होते ते कर्जरोखे आणि वह्या. त्यांची होळी झाली. हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत गावोगाव गेले. सरकारने चौकशीची समिती नेमली आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांच्या बचावाचा कायदा झाला. कोर्टाने कर्जाचा मूळ हिशेब उकरून पाहावा, हप्ते बांधून द्यावे, कर्जापायी कुणब्याला तुरुंगात घालू नये, अशा त्याच्या तरतुदी होत्या. त्याच कायद्याखालचे न्यायाधीश म्हणून रानडे आपल्या जिल्ह्यांतून फिरले होते.

इतके होऊनही जमिनी सावकाराकडे जातच होत्या. त्यावर १९०१ साली मुंबई सरकारने तोड काढली ती अशी. दुष्काळात ज्यांचा सारा थकला, त्यांच्या जमिनी सरकारजमा करण्याचा सरकारला हक्क होता. अशा जमिनी पुन्हा लावून द्यायच्या, पण नव्या शर्तीवर. म्हणजे कलेक्टराच्या परवानगीवाचून त्या विकता येणार नाहीत, गहाण टाकता येणार नाहीत. सरकार म्हणे, कुणब्याच्या हातून जमीन जाऊ नये म्हणून आम्ही त्याचा हातच धरतो.

वरवर पाहता हे कुणब्याच्या भल्याचे दिसते, आणि ते मांडणाऱ्या सगळ्याच अधिकाऱ्यांच्या मनात कपट होते असेही म्हणवत नाही. गोखल्यांनी २३ ऑगस्ट १९०१ रोजी कौन्सिलात त्यावर भाषण केले. पावसाळ्यात सरकारचा मुक्काम पुण्यास असे, त्यामुळे कौन्सिलची सभाही पुण्यासच होती. त्यांचे म्हणणे साधे होते. कुणब्याला बी-बियाणे, बैल, लेकीचे लग्न यांसाठी कर्ज लागते. त्याची पत म्हणजे त्याची जमीन. ती पत काढून घेतली तर सावकार नाहीसा होणार नाही. तो कमी देईल आणि जास्त चापून घेईल. दुसरी सोय आधी करा, शेतकऱ्यांच्या पेढ्या काढा, सारा हलका करा, आणि करूनच पाहायचे असेल तर एखाद्या लहान टापूत करून पाहा. दुष्काळाने आधीच नागवलेल्या माणसाकडून, थकलेल्या साऱ्याच्या निमित्ताने, त्याच्या वाडवडिलांचा हक्क काढून घेऊ नका. आज जो जमिनीचा धनी आहे, तो उद्या सरकारचा कूळ होईल.

हे बोलणाऱ्यांविरुद्ध सरकारपक्षाकडून एक टोमणा मारला गेला. तुम्ही वकील, तुम्ही पांढरपेशे, तुम्ही सावकाराची बाजू घेता, असा तो टोमणा होता. तो अगदीच पोकळ म्हणता येणार नाही. जमीन विकत घेता येत राहिली तर सावकाराचाही फायदा होताच, आणि कायद्याला विरोध करणाऱ्यांत सावकारही होते. ज्याच्या जमिनीबद्दल सगळे बोलत होते तो कुणबी त्या सभागृहात कोणत्याच बाजूला बसलेला नव्हता. पण गोखल्यांना स्वतःची एक गुंठाही जमीन राखायची नव्हती. पंचाहत्तर रुपयांवर शिकवणारा तो मास्तर होता, आणि त्याने वीस वर्षे दख्खनच्या शेतकऱ्याचा जमाखर्च मांडून पाहिला होता, असे म्हणण्यास फार तर पाचसहा वर्षे कमी पडतील.

सरकारी मते जास्त होती. फिरोजशहा मेहतांनी सूचना मांडली की कायदा घाईने पुढे न रेटता त्यावर लोकांची मते मागवावी. ती नापास झाली. तेव्हा मेहता उठले आणि सभागृहाबाहेर गेले. त्यांच्या मागोमाग गोखले, भालचंद्र कृष्ण, दाजी आबाजी खरे आणि पारेख हेही निघाले. हिंदी सभासदांनी गव्हर्नरासमोर असे उठून जाणे त्या काळी कोणी पाहिले नव्हते. मेहता हे सिंहासारखे गृहस्थ, त्यांना ते शोभले. गोखल्यांचा स्वभाव अगदी वेगळा. त्यांना उंच आवाजात बोलायलाही संकोच वाटे. चार वर्षांपूर्वी माफी मागितल्यापासून त्यांच्या प्रत्येक शब्दावर सरकारचा डोळा होता. आपण गव्हर्नरसाहेबांचा अनादर म्हणून जात नाही, कर्तव्य म्हणून जात आहोत, असे सांगून मगच ते बाहेर पडले. हा त्यांचा नम्रपणा काहींना आवडत नाही. मला तो आवडतो. धीट माणसाने बाहेर जाणे सोपे असते. भिडस्त माणसाला उंबरा ओलांडायला जास्त बळ लागते.

कायदा त्यांच्या पाठीमागे मंजूर झालाच. आपल्या घरच्या सातबाऱ्यावर, किंवा नाही तर शेजारपाजारच्या एखाद्याच्या, 'नवी शर्त' असे शब्द दिसतात ना, त्या शर्तीचे मूळ या १९०१ च्या दुरुस्तीत आहे. पुढच्या काळात सरकारने भूमिहीनांना जमिनी दिल्या, त्याही बहुधा याच शर्तीवर दिल्या, आणि त्या त्यांच्याकडे राहिल्या त्या काही अंशी या शर्तीमुळेच. म्हणजे गोखल्यांना जी भीती वाटली ती सगळीच्या सगळी खरी ठरली, असे म्हणता येत नाही. पण आधी पेढी काढा आणि मग हात बांधा, हे त्यांचे म्हणणे बरोबर होते. सहकारी पतपेढ्यांचा पहिला कायदा १९०४ साली झाला. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर ऊस आणि सोसायटीचे कर्ज या दोहोंनी आपल्या माळेगावचे जे रूप पालटले, ते सुप्याच्या जिरायत पट्ट्यात त्या काळच्या कुणब्याला स्वप्नातही दिसले नसते. आणि आज बचतगटातली बाई जमिनीचा उतारा न दाखवता शेळीसाठी कर्ज काढते, तेव्हा जमिनीवाचूनही पत असू शकते हे गोखल्यांच्या वेळच्या कोणाही सभासदाला पटवणे कठीण गेले असते.

त्याच वर्षी प्रकृतीमुळे मेहतांनी कलकत्त्याच्या वरिष्ठ कौन्सिलातली जागा सोडली. मुंबई कौन्सिलच्या बिनसरकारी सभासदांनी तेथे गोखल्यांना पाठवले. १९०२ साली फर्ग्युसनमधून महिना तीस रुपये पेन्शन घेऊन ते निघाले, आणि त्याच वर्षी मार्चमध्ये कलकत्त्यास त्यांनी अंदाजपत्रकावर जे पहिले भाषण केले त्याने त्यांचे नाव सगळ्या देशात झाले. मिठावरचा कर उतरावा म्हणून ते वर्षानुवर्षे बोलत राहिले. १९०३ ते १९०७ या काळात तो मणामागे अडीच रुपयांवरून एका रुपयावर आला. १९११ साली त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याचे विधेयक आणले. मुलांपासून सुरुवात करून पुढे मुलींनाही त्यात घ्यावे अशी त्यांची योजना होती. मार्च १९१२ मध्ये ते तेरा विरुद्ध अडतीस मतांनी पडले. ते पडणार हे त्यांना आधीच माहीत होते.

मधुमेहाने शरीर पोखरले होते. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी पुण्यात भारत सेवक समाजाच्या जागेत ते वारले, तेव्हा पन्नाशीही गाठली नव्हती. टिळक त्या वेळी सिंहगडावर होते. बातमी कळताच ते खाली आले आणि आयुष्यभर ज्यांच्याशी वाद घातला त्या गोखल्यांबद्दल स्मशानात उभे राहून चार शब्द बोलले.